पंपघरातली पाळी

इथे पूर्वी कागद व्हायचा.
तेवीस वर्षं लगद्याच्या वासात काढली मी;
बायको म्हणायची, सदरा दारातच काढ.
गिरणी बंद पडली, वास आणखी दोन हिवाळे टिकला.
आता कायानीच्या त्याच शेडमध्ये काळी कपाटं उभी आहेत
आणि त्यांना गार ठेवणारं पाणी माझ्या हाती.

कपाटांत काय चालतं ते पिल्वी तुओमिकोस्कीनं सांगितलं.
(पिल्वी म्हणजे आमच्यात ढग. पोरगी तशीच, कुठेतरी पाहत बोलते.)
दीर्घिकांचे दोन थवे, एकात हजार, एकात सहाशे,
एकमेकांच्या अंगावर सोडलेत म्हणे.
"मग आदळतात?"
"नाही, दीर्घिका एकमेकींमधून निघून जातात.
अडकतो तो मधला वायू. थबकतो, तापतो,
दहा कोटी अंशांपर्यंत.
आणि जे दिसतच नाही, पण वजन ज्याचं सगळ्यांत जास्त,
ते कुणालाही न लागता पार होतं."

गिरणीच्या शेवटच्या दिवशी फाटकातून
सगळे असेच गेले. धाकटा भाऊ तर थेट स्वीडनला.
मी सायकलचं कुलूप उघडत राहिलो.
किल्ली गोठली होती, दुसरं काही नाही.

मंगळवारी रात्री तीनला विश्व बंद पडलं.
मला तिच्याआधी कळलं:
परतीचं पाणी गार यायला लागलं,
पंपाचा कानोसा घेतला तर आवाज पोकळ.
वर गेलो. ती पडद्याकडे बघत बसलेली.
कोट्यवधी घरांतल्या एका घरात
घनता उणे निघाली होती.
एका घरात.
डोकं टेबलावर ठेवून ती थोडा वेळ तशीच राहिली,
मग तीस कोटी वर्षं मागे गेली, जिथवर साठवलं होतं तिथे,
आणि यंत्राला म्हणाली, आता पावलं लहान टाक.
बर्फावरून शाळेत जाताना आई मला म्हणायची, तसंच.

पहाटे पाचला नळी पुन्हा कोमट झाली.
ते पाणी नदीकाठच्या रस्त्याखालून गावात जातं,
तिसऱ्या मजल्यावर, आईच्या रेडिएटरची ऊब होतं.
तिचे लोकरी मोजे त्यावर वाळतात.

पाळी संपवून तिच्याकडे गेलो.
"रात्री मधेच गार पडलं होतं," ती म्हणाली.
मी म्हटलं, "तीस कोटी वर्षं मागे जावं लागलं, आई."
तिनं मोज्यांची दुसरी बाजू वर केली.
"मग येताना दूध तरी आणायचंस."