झाकणामागचा कागद

तू कोण, मला ठाऊक नाही.
पण चारही स्क्रू काढलेस म्हणजे काहीतरी बिघडलंय.
आधी बॅटरीची निगेटिव्ह सोड.
मग वाच.

ही जुगूळच्या घाटाची नाव. पत्र्याची.
इंजिन दोन सिलिंडरचं, पूर्वी उसाला पाणी पाजायचं,
आता माणसं, मोटरसायकली,
कधी व्यायला झालेली एखादी म्हैस
कृष्णेच्या या अंगाची त्या अंगाला नेतं.
मालक नेमगोंडा. हिशोब कन्नडात, शिव्या मराठीत,
आणि पहाटे इंजिनाशी जे बोलतो
ती भाषा मला अजून कळलेली नाही.

ऑइलच्या सेंडरला दोन टोकं आहेत.
जी वर मीटरची पांढरी वायर, डब्ल्यूके वर भोंग्याची जांभळी.
उलटं लावू नकोस. मी लावलं होतं.
भोंगा दिवसभर दबक्या आवाजात कण्हत होता,
काटा एकतर या टोकाला, नाहीतर त्या.

आट्यांवर टेफलॉन गुंडाळू नकोस.
सेंडरला परतीची वायर नसते,
लोखंडाला लोखंड टेकलं तरच त्याला अर्थ मिळतो.
तेल थोडं पाझरेल. पाझरू दे.

मीटर आधीचं मिरजेच्या भंगारातलं होतं,
सेंडर बेळगावहून नवा.
एकाचं शून्य म्हणजे दहा ओहम,
दुसऱ्याचं शून्य म्हणजे दोनशे चाळीस.
प्रेशर चढलं की काटा उतरायचा.
तीन दिवस मी इंजिन उघडून बसलो,
आणि इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं.
दोघंही खरंच सांगत होते.
मीटर बदललं.

आता भोंगा.
चावी फिरवलीस की तो ओरडणार, इंजिन चालू व्हायच्या आधी.
तेल अजून वर चढलेलं नसतं, त्याचं बरोबरच आहे.
नेमगोंडाला ते पटायचं नाही.
"साकु की रे! उठल्या उठल्या रडणं घरात तरी कोण ऐकून घेतं?"
एके दिवशी त्यानं भोंग्याची वायर पकडीनं तोडली,
टोकाला टेप गुंडाळली, माझ्यापेक्षा नीट.
तेल आणि उष्णता, दोघांना भोंगा एकच आहे,
हे त्याला मी सांगितलं नव्हतं.
ते माझ्याकडं लागतं.

श्रावणात, मंगळवारी, नदीच्या मधोमध
पंपाचा पट्टा तुटला.
उष्णतेचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला असणार,
पण काट्याकडं कोण बघतं?
नेमगोंडा पाण्याकडं बघत होता. नाववाल्यानं
पाण्याकडंच बघायचं असतं.
म्हणून तर भोंगा लागतो.

इंजिन जाम.
अकरा माणसं वाहत गेली खाली,
दुसऱ्या राज्यातल्या बाभळींत अडकली,
तिथल्या लोकांनी दोर टाकले, चहा पाजला,
मग विचारलं, कुठली तुम्ही?
माझी आत्या काशव्वा होती त्यात, मांडीवर दुधाचा कॅन घेऊन.
म्हणाली, वाहायला लागलो त्याचं काय वाटलं नाही बघ,
पण एवढं गप्प कसं झालं सगळं?
ते मला अजून ऐकू येतंय.

म्हणून बटण ठेवलेलं नाही. शोधू नकोस.
काम झालं की चावी फिरव.
ओरडला, तर झाकण लाव.
नाही ओरडला, तर नेमगोंडा कुठल्याही भाषेत काहीही बोलू दे,
दोर सोडू नकोस.

खाली तारीख घाल, नाव लिही.
माझ्या आधी एकानं लिहिलेलं, ओल लागून फुगलंय,
दस्तगीर की दत्तू, कळत नाही. जोड त्याचे चांगले होते.

— पायाप्पा वायरमन, सदलगा

ता. क. पाच अँपियरचा एक फ्यूज
याच कागदाला मागून चिकटवलाय.
घेतलास, तर दुसरा ठेव.