सहावा पाय

वीस मिनिटं ठीक चालतं.
मग अक्षरांना कापरं भरतं
आणि पडद्यावर पट्टेच पट्टे,
इतवारीतल्या दुकानात
चादर म्हणून घडी घालून ठेवावेत असे.

हा संगणक माझ्याइतका म्हातारा नाही,
पण त्याच्या पोटातली लुडबुड माझीच.
अठ्ठ्याऐंशी साली, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला,
मी त्याला दुसरा क्रिस्टल बसवला,
तापल्या स्क्रूड्रायव्हरने मागे भोक पाडून एक बटण.
खाली केलं की मूळची चाल, वर केलं की दुप्पट.
बटणापासून प्रोसेसरपर्यंत वीतभर निळी तार,
सोल्डरचे डाग असे
की पुढे एखाद्या विद्यार्थ्याने दाखवले असते
तर जर्नल फेकलं असतं मी.

खालच्या चालीची काही तक्रार नाही.
वरच्या चालीला तोल जातो.
क्रिस्टल बदलला. पाच व्होल्टचा रेग्युलेटर बदलला.
फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावले.
मग संशय कूलरवर गेला,
त्याच्या मोटारीची खरखर लाइनीतून येत असेल म्हणून
मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद.
"डब्ब्यासाठी माणसं भाजून राहिले तुम्ही,"
वैजयंती म्हणाली,
आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.
कूलरचा दोष नव्हता.
ते मी तिला लगेच सांगितलं नाही.

शेवटी माळ्यावरून ऑसिलोस्कोप उतरवला,
हिंगण्याच्या बंद कारखान्याच्या भंगारातून आणलेला,
आणि प्रोबचं टोक टेकवलं सहाव्या पायावर,
जिथून क्लॉकचे ठोके आत जातात.
हिरवी रेघ उभी, आडवी, उभी,
कोपऱ्यांवर जराशी थरथर, बस.
वीस मिनिटं. चाळीस. दोन तास.
एक अक्षर हललं नाही.
प्रोब काढला, चौथ्या मिनिटाला पट्टे.
टेकवला, शहाणं.
काढला, पट्टे.

तीस वर्षं सदरच्या प्रयोगशाळेत
पोरांच्या पाठीमागे उभा राहायचो मी.
उभा असेपर्यंत सर्किट बरोबर.
वळलो की धूर.

सोनकुसरेच्या दुकानात अजून रेडिओ येतात,
महिन्यातून एखादा. तो हसला.
"काऊन सर, इतकं काय त्यात?
प्रोबचं थोडं वजन पडते ना लाइनीवर,
तेवढंच पायजे त्याले.
हात ठेवला का चूप बसते."
कागदाच्या पुडीत बावीस पिकोफॅरडचे चार कपॅसिटर,
तेहतीस ओहमचा एक रेझिस्टर.
पैसे घेतले नाहीत, चहाचे मात्र मला देऊ दिले.
"आन् ते तार कापा आधी.
कोणं लावली इतकी लांब?"
मी म्हटलं, होता एक पोरगा.

तार कापली. दोन बोटं उरली.
बटण आत गेलं, मागचं भोक तसंच उघडं.
कापलेल्या तुकड्याचं निळं प्लास्टिक
अजून मऊ होतं,
खिशात टाकलं.
वाटेत रेझिस्टर, आणि सहाव्या पायापासून ग्राउंडला
तांदळाच्या दाण्याएवढा कपॅसिटर.
माझी नजर, बावीस पिकोफॅरड.

आता चाचणी एकच उरली, न बघण्याची.
एक, दोन, तीन मोजत जाणारा
चार ओळींचा प्रोग्रॅम टाकला,
चाल वरची, दार लोटून घेतलं
आणि गच्चीवर जाऊन झोपलो.
झोपलो म्हणजे काय, पडलो.
रात्री एकदा जिन्यापर्यंत आलो आणि परत फिरलो.

सकाळी आकडा सात खणी झाला होता
आणि पुढे जातच होता.
मी हाक मारली, हे बघ,
रात्रभर, दुप्पट चालीने, कोणी न बघता!

वैजयंती दारात आली, हात ओले.
"मी पाहिलं ना चार वाजता,
नळ आला तेव्हा.
बसली होती मी तिथं बराच वेळ.
अंधारात चांगले दिसतात आकडे."