औटरला

मे महिना, भुसावळ, रात्रीचे साडेअकरा.
कूलर सर्व्हरकडे तोंड करून ठेवलाय,
पंखा माझ्याकडे.
वाळ्याचा वास मशीन घेतंय.

खालच्या फिरकेबाई संध्याकाळी वर आल्या होत्या.
आठ दिवस त्यांच्या प्रज्योतचा क्लास अडकतोय,
मास्तर फळ्याशी हात वर करतात
आणि तसेच गोठतात.
"तुझं ते मशीनच सगळं नेट पितं का व?"
बघते, म्हटलं.
जाताना वाटीभर कुरडयांचा चीक ठेवून गेल्या,
म्हणजे भांडण नव्हतं.

बघायचं काय, आकडा ठाऊकच होता.
एकशे पंचवीस.
पहिल्या दिवसापासून फाइलीत होता तसा,
मी कधी हात लावला नाही.
एकशे पंचवीस अनोळखी यंत्रं
आमच्या साडेनऊशे रुपयांच्या राउटरमधून
एकाच वेळी विचारतात:
नवा ब्लॉक आला का?
आला का?
त्याने मास्तरांना वाट द्यायची कुठून.

ओट्यावर अण्णा जागेच.
चौतीस वर्षं केबिनमध्ये काढलेला माणूस
रात्रीची झोप शिकलाच नाही.
"काय करू राहिली व एवढ्या रातीची?"
किती जणांना आत घ्यायचं ते ठरवतेय.
मग सांगावं लागलं सगळं:
एकच खातेवही, सगळ्यांकडे सारखी,
मालक कोणी नाही,
जो तो शेजाऱ्याला विचारून
आपलं पान ताडून बघतो,
आणि असं करत करत जगभर.

"म्हणजे दुसखेडा," अण्णा म्हणाले.

आम्हाला दोनच शेजारी, दुसखेडा आणि वरणगाव.
केबिनीतून दिल्ली कधी दिसली नाही,
हावडा दिसलं नाही.
आपण घंटी द्यायची,
तिकडून घंटी आली की लाईन क्लिअर.
दुसखेड्याच्या त्या माणसाचं तोंड
एकोणीस वर्षांत पाहिलं नाही,
हात मात्र ओळखायचो.
दोन ठोक्यांच्या मध्ये जरासा थांबायचा.
"आणि एका ब्लॉकात गाडी एकच."
आमच्यातही ब्लॉकच म्हणतात, अण्णा.
त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.
ब्लॉकला दुसरं काय म्हणणार.

एकशे पंचवीस खोडलं. चाळीस लिहिलं.
दहा, ज्यांना मी हाक मारते.
तीस, जे आपणहून दार वाजवतात.
आणि बाकीचे?
"औटरला उभे राहतील.
फलाट मोकळा नसला की मेलही उभी राहायची.
लोक खिडकीतून शिव्या द्यायचे.
रावेरकडून केळीचा रॅक आला तर शिव्या नाहीत,
नुसता पिकल्याचा वास,
तो जास्त लागायचा."

यादीत खाली एक होता.
एकसष्ट दिवस जोडलेला, फार हळू,
उत्तर द्यायला जवळजवळ सेकंद घेणारा.
कोणत्या देशातला, कधी पाहिलं नाही.
त्याचा पत्ता हाताने लिहून ठेवता येतो,
तशी सोय आहे,
एक ओळ.
कर्सर त्या ओळीच्या जागी लुकलुकत राहिला.
अण्णांनी कधी दुसखेड्याला जाऊन
त्या माणसाला चहा पाजला का?
विचारलं.
"ड्यूटी सोडून?"

फाइल जतन केली. सर्व्हर बंद, सर्व्हर सुरू.
शून्य जोडण्या.
एवढी शांतता या खोलीत
भारनियमनातही नसते.
मग एक.
बऱ्याच वेळाने तीन.
मग अकरा, सतरा, आणि मी मोजणं सोडलं.
यार्डाच्या पलीकडे कुठलीतरी मालगाडी
लांब भोंगा देऊन गप्प झाली,
अण्णांनी मान तिरकी केली,
किती नंबरवर घेतात ते ऐकायला.

तो आला का, ते कळणार नाही.
नव्या पत्त्याने आला तर
मला फक्त त्याचा उशीरच ओळखता येईल.

अण्णांनी वाटी जवळ ओढली,
बोटाने चीक चाखला.
"मीठ विसरली फिरकेबाई."
खाली मात्र
वाटी घासूनच द्यायची, म्हणाले.