करपा आला तो माझ्याकडून

याद्विगाबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही,
म्हणून निदान इथे लिहून ठेवतो:
करपा आला तो माझ्याकडून.

जुलैअखेरचा मंगळवार.
माझ्या बटाट्यांच्या चौथ्या ओळीत
एका पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा डाग.
पान उलटून पाहिलं.
खाली पांढरी लव,
पिठीसाखर भुरभुरावी एवढीच.
पान खुडून खिशात घातलं.
बटाटे तेव्हा अंड्याएवढे होते.
म्हटलं, अजून पंधरा दिवस.
पंधरा दिवसांत पोसतील.

आमच्या दोन तुकड्यांमध्ये
गूजबेरीचं कुंपण आहे, गुडघ्याएवढं.
ते ओलांडायला वाऱ्याला किती वेळ लागतो,
हे अडतीस वर्षं सूतगिरणीत
उडता कापूस गिळलेल्या माणसाला
कळायला हवं होतं.

त्या आठवड्यात पाब्यानित्सेवर आभाळ
न पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं.
रात्री उबदार. पाऊस धड पडेना, धड थांबेना.
असल्या हवेत बुरशीचंच तेवढं फावतं.

याद्विगाबाईंचे टोमॅटो
रास्पबेरीच्या रंगाचे, मुठीत न मावणारे,
देठापाशी हमखास तडकलेले.
नवऱ्यानं धरून ठेवलेलं बी,
पाकिटावर त्याच्याच हातचं: विकायचे नाहीत.
त्यांनी कधी विकले नाहीत.
मला दरवर्षी तीन मिळतात,
फाटकाच्या खांबावर ठेवलेले,
आमचं बोलणं बंद असतं त्या वर्षीही.

शुक्रवारी त्यांच्या नजरेस पडलं.
एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी,
अकरा झाडांवर फवारा.
खालची पानं कात्रीनं उतरवली,
दर पानानंतर कात्री स्पिरिटमध्ये,
जखमी मुलाचे केस कापावेत तशा सावकाश.
मग पाठ सरळ करून
कुंपणावरून विचारलं,
"झेनॉन, तुमच्या बटाट्यांना काही नाही ना?"

खिशात हात होता.
पानाचा चुरा झाला होता, नखांत गेला.
"अजून तरी नाही," मी म्हणालो.

रविवारपर्यंत खोडं काळी.
वास असा, की ओल्या तळघरात
कुणी काही विसरून गेलंय.
हिरव्या फळांच्या खांद्यांवर तपकिरी चट्टे,
कडक, चामड्यासारखे.
जुन्या स्टॉकिंग्जच्या चिंध्यांनी झाडं बांधली होती,
त्या अकराच्या अकरा झाडांच्या गाठी
त्यांनी सोडवल्या. एकही कापली नाही.
चिंध्या धुऊन पुढच्या वर्षी वापरायच्या म्हणे.

मी हातगाडी घेऊन गेलो.
खताच्या ढिगावर नाही, काळ्या पिशव्यांत,
तोंड घट्ट आवळून.
चार खेपा झाल्या.
त्यांनी आभार मानले.
दूध वाया गेलं त्यापेक्षा ते वाईट होतं.

त्या रात्री टॉर्च लावून
मी माझ्या बटाट्यांचा पाला कापला.
आता कशाला,
हे हातांना ठाऊक होतं, तरी कापत राहिले.

सप्टेंबरात खणून काढले:
साडेतीन बादल्या.
त्यातली दीड आतून गंजाच्या रंगाची.
पोसले होते मात्र.

डाग नसलेले हिरवे टोमॅटो
याद्विगाबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून
पलंगाखाली ठेवले, सोबत एक सफरचंद.
रोज उघडून बघतात, असं ऐकलं.
रोज एखादा बाद होतो, असंही.

ऑक्टोबरच्या बाराव्या दिवशी
खांबावर तीन टोमॅटो.
रास्पबेरी कसली, फिकट नारिंगी,
हवामानाच्या पानात गुंडाळलेले.
एकावर नखाएवढा डाग होता.
तेवढा कापून टाकला,
उरलेला कांदा-मिठाबरोबर उभ्यानंच खाल्ला.
चव विचाराल तर आंबट, पाणचट.
सगळा संपवला.

काल त्या फाटकापाशी भेटल्या.
म्हणालो, पुढच्या वर्षी बटाटे लावणार नाही.
"का हो?"

"पाठ," मी म्हणालो.