काळी चार

डाव्या कानात गाणं.
उजवा मोकळा ठेवतो: मागून येणाऱ्या ट्रकसाठी,
पऱ्हाटीतून एकदम उठणाऱ्या रोह्यासाठी,
आणि इंजिनासाठी.

बारा वर्षं पेट्या दुरुस्त करत फिरतो
आर्वी, रोहणा, पुलगाव, आणि मधली सगळी भजनी मंडळं.
हँडलला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात पितळी पत्त्या;
खड्ड्यातून गेलो की त्या कुजबुजतात.

चौथ्या गियरात, चाळीसला, गाडी पांढरी एक धरते.
पंचेचाळीसला पांढरी दोन.
पन्नासला बरोब्बर काळी दोन.
यात माझी कारागिरी नाही, कंपनीचीही नसावी,
पण कान एकदा लागला की लागला.
कानातलं गाणं ज्या पट्टीत, त्या वेगात मी.
म्हणून रोहण्याला कधी पावणेदहाला पोचतो, कधी सव्वादहाला,
आणि लोक म्हणतात, पेटीवाला टायमाचा नाही.

बाईचा गळा काळी चारचा.
त्याला हवेत बासष्ट,
आणि ह्या रस्त्यावर बासष्ट म्हणजे
घरी जाऊन दात मोजायचे.
बायकांची गाणी मी थांबून ऐकतो.
लहान लायनीच्या बंद रुळांपाशी, गाडी स्टँडवर,
रुळांमधून निघालेल्या बोरीखाली.
तंबोऱ्याशिवाय.

परवा खुबगावच्या कौतिकाबाईंनी
मंडळाची पेटी माझ्या मागच्या सीटवर ठेवली,
स्वतःच्या लुगड्याच्या काठानं बांधली.
"बटन नाही दाबलं तरी बोंबलते, गुणाभाऊ.
आम्ही गप बसतो, थे बसत नाही."
कोणता सूर, विचारलं.
"आमचाच," म्हणाल्या.

गाव सुटलं. भात्याची कडी कुठंतरी निसटली.
पहिल्या खड्ड्याला मागून एक हुंदका आला,
दुसऱ्याला अर्धा.
मी डावा कान मोकळा केला.
काळी चार.

कालव्यापासून पुढं तीन किलोमीटर
नवं डांबर पडलंय, निवडणुकीच्या आधीचं.
खड्डे संपले तशी पेटी गप झाली.
मग मला काय झालं कोण जाणे,
त्रेचाळीस वर्षांचा माणूस, घरी दोन पोरी, हेल्मेट पेटीला अडकवलेलं.
क्लचवरचा डावा हात सोडला,
मागं नेला,
आणि भाता ओढला.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर
आणि उजवा सुरांवर असतो.
माझा उजवा होता एक्सलेटरवर.
पंचावन्न. अजून खाली.
अठ्ठावन्न. कण भर.
साठ, एकसष्ट, भाता, भाता,
दोन्ही सूर एकमेकांना घासत होते
जसे जात्याचे दोन दगड, मध्ये दाणा नसताना,
आणि मग घासायचे थांबले.

तुम्हाला सांगून कळणार नाही. मलाही
सांगता येत नाही. संत्र्याला आंबिया फुटलेला,
दोन्ही बाजूंनी तो वास,
आणि माझ्या मांड्यांपासून पाठीपर्यंत
एकच सूर, कुठून सुरू कुठं संपतो ठाऊक नाही.

रोही मध्यभागी उभा होता.

हात पुढं, ब्रेक, क्लच राहून गेला.
गाडी गुदमरून बंद पडली त्याच्यापासून दोन हातांवर.
इंजिन नाही, वारा नाही.
पण आतल्या भात्यात हवा शिल्लक होती,
आणि पेटी एकटीच वाजत राहिली,
सहा-सात क्षण असेल, बारीक होत होत.
त्यानं एक कान आमच्याकडे वळवला.
दुसरा रस्त्याकडेच होता.
मग हळूच उडी मारून तुरीत गेला,
जशी काही घाई अशी नव्हतीच.

घरी पेटी उघडली. पडद्याखाली
तुरीचा एक दाणा अडकलेला.
चिमट्यानं काढला, ऐंशी रुपयांचं काम.

पण ते नंतर.
तिथं रस्त्यात मी बराच वेळ
एक पाय टेकवून उभा होतो, चाबी न फिरवता,
आणि गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून कुणी एक बाई
माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटनाला
अंतरा म्हणून दाखवत होती.