सांजे

धबधब्याचं नाव सांजे,
पोचलो तेव्हा भर दुपार.

झाकिया पुढं. रबरी बूट, हातात काठी.
कोळ्याचं जाळं दिसलं की मोडायची नाही,
खालून वाकून जायची
आणि आम्हालाही वाकवायची.

एका पडक्या खोडापाशी म्हणाली,
आई इथून मोळी न्यायची.
आता काटकी उचलली
तर पावती मीच फाडते.
हसली.
खोडावरच्या शेवाळात
तिच्या पंजाचा ओला ठसा राहिला.

उतरताना गुडघे बोलू लागले.
खाली उसाच्या शेतांपलीकडं
मंगुलातल्या चुली पेटल्या होत्या.
कुठलं सरपण, मी विचारलं नाही.

तिनं मात्र एक खोल श्वास घेतला,
फाटकाशी बसून बूट उपडा केला
आणि आतला खडा
परत रानाच्या अंगाला टाकला.