आगर आणि अगर

आगरवाड्याच्या तिसऱ्या कोंडीतला चिखल
शाणूमामाने करवंटीत भरून दिला.
"लोक मीठ नेतात, तू चिखल नेतेस.
घाल कपाळावर!"

पणजीपर्यंत बसमध्ये तो माझ्या मांडीवर.

अगरच्या थाळीत आठव्या दिवशी
खडूच्या भुकटीसारखा एक ठिपका,
आणि भोवती काहीच वाढू न देणारं
मोकळं कडं.
"घर एवढंसं, कुंपण बघ केवढं," एवितो म्हणाला.

ते कुंपण घडवणारं प्रथिन एकच. अवाढव्य,
तरी कुठल्याच डोळ्याला न दिसणारं.
खोलीमागे खोली,
आणि खोल्यांतून झुलणारा एक लवचीक हात,
टोकाला गंधकाचा आकडा.
आकड्याला दोन कार्बनचा तुकडा अडकतो,
हात वळतो, शेजारी टेकवतो,
सांधा बसतो.
पुढच्या खोलीत ऑक्सिजन काढून घेतात,
कधी राहू देतात
(ते राहू देणंही आधीच लिहून ठेवलेलं).
शेवटच्या दाराशी
साखळीचं शेपूट तोंडाकडे वळवून
गाठ मारतात, सोडून देतात.

मला ती गाठ बसताना बघायची होती.
चालता हात दिसत नाही.
म्हणून त्या दारातलं एक अमिनो आम्ल बदललं,
हजारोंतलं एकच,
आणि थेंब काचेला उलटा टांगला,
खाली खारं पाणी.

अकरा आठवडे नुसता गढूळपणा.

मामाला फोन केला, मिठाचंच विचारल्यासारखा.
"पाण्याला घाई केलीस तर दाणा बारीक पडतो.
जायचं तेव्हा जाईल ते.
तू तिथून ऊठ."

उठले. तापमान दोन अंशांनी उतरवलं,
सावंतवाडीला मावसबहिणीच्या लग्नाला गेले.
परतले तर थेंबात
मिठाच्या खड्यासारखा, पण मिठाचा नसलेला खडा.

क्ष-किरणांनी जे सांगितलं ते कागदावर घेऊन
मी आगरात गेले.
"ही खाच. हा हात. आणि ही बघ साखळी,
गाठ मारायची राहिलेली,
धरून ठेवलीय, सोडता येत नाहीये."

मामाने कागद उन्हाला धरला.
"कशावरचं औषध?"
"अजून कशावरच नाही."
"म्हणजे चिखलच."

कागद मात्र परत दिला नाही,
घडी करून कनवटीला लावला,
आणि मानशीची फळी
हळूच खाली सोडायला गेला.
भरती लागली होती.